मारलेल्या गवतात थेट पेरणी: औषधाचा अंश आधी डब्यात तपासा

पडीक रान हातात आलं की पहिला प्रश्न गवताचा असतो. हराळी, कुंदा, लव्हाळा, वरून कुसळी. नांगरट करायची तर हराळीच्या काशा (जमिनीखाली पसरणारी खोडं) तुटून दुप्पट होतात आणि कुंदा ट्रॅक्टरलाही दाद देत नाही. म्हणून हल्ली बरेचजण वेगळा रस्ता धरतात: गवत हिरवं असताना तणनाशक मारायचं, ते जागच्या जागी वाळू द्यायचं आणि न नांगरता त्याच थरात टोकण करायची, म्हणजे एकेक बी हाताने खड्ड्यात टाकायचं. नेरळची सगुणा राईस टेक्निक घ्या किंवा कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांची विना नांगरणी शेती, मुळं जमिनीतच कुजू द्यायची हा विचार आपल्याकडे आता नवा राहिलेला नाही. जमीन झाकलेली राहते, ओल टिकते, डिझेल वाचतं. सगळं खरं. पण ज्या औषधाने गवत मारलं, त्याच औषधाच्या अंगणात तुम्ही बी टाकत असता. नवीन माणूस फसतो तो इथे.

मीही फसलो. सहा वर्षं पडीक असलेलं दोन एकर काळं रान वाटणीत आलं. जूनअखेरीला गवत गुडघाभर झाल्यावर ग्लायफोसेट आणि २,४-डी एकत्र मारलं. दुकानदार म्हणाला, "मातीत पडलं की निष्प्रभ होतंय, बिनधास्त टाका." पाऊस तोंडावर होता, सहाव्या दिवशी सोयाबीन टोकलं. उगवण झाली, पण कशी? देठ जाडसर आणि वाकडे, पहिली पानं चुरगळलेली, पाटाच्या कोपऱ्यात तर बी जागेवरच कुजलेलं. आणि रानाच्या मधोमध ताडपत्रीएवढा एक चौकोन हिरवागार. फवारणीच्या दिवशी तिथे खताची पोती झाकून ठेवली होती, त्यामुळे औषध पडलं नव्हतं. तिथलं गवत आईने नंतर खुरप्याने काढलं होतं.

मी सगळं खापर औषधावर फोडलं. तो चौकोन दोन बाबतींत वेगळा होता हे कळायला वर्ष गेलं: तिथे औषध नव्हतं आणि मेलेल्या गवताचा थरही नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या करून तपासता आल्या पाहिजेत. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

आधी रानाचा इतिहास विचारा

जमीन खंडाने घेतली असेल तर मागच्या दोन हंगामांत काय पीक होतं आणि कोणतं तणनाशक मारलं होतं हे मालकाला विचाराच. तुमच्या स्वतःच्या फवारणीपेक्षा जुनं औषध जास्त दगा देतं. मक्यात आणि उसात ॲट्राझीन मारतात. सोयाबीन, भुईमुगात इमॅझेथापायर. गव्हात मेटसल्फ्युरॉन. उसात डाययुरॉनही. ही सगळी मातीत राहून काम करणारी औषधं आहेत. ॲट्राझीन मारलेल्या रानात पुढे मका किंवा ज्वारी बिनघोर येते, पण सोयाबीन, काकडी, मेथी रुसतात. इमॅझेथापायरच्या मागे भुईमूग चालतो, मोहरी आणि ज्वारीला त्रास होतो.

यात जमिनीचा स्वभाव मोठा आहे. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) बहुधा ७.५ ते ८.५ असतो. अशा विम्लधर्मी मातीत ॲट्राझीन आणि मेटसल्फ्युरॉनसारखी औषधं सावकाश मोडतात. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत तीच लवकर संपतात. इमॅझेथापायरचं मात्र उलटं, ते आम्लधर्मी मातीत जास्त रेंगाळतं. त्यामुळे "माझ्या मेहुण्याच्या रानात काही झालं नाही" हा पुरावा त्याच्या मातीपुरताच. साध्या माती परीक्षणाच्या अहवालात सामू, कर्ब, स्फुरद, पालाश मिळतं, तणनाशकाचा अंश त्यात दिसत नाही. पण सामूचा आकडा मात्र त्यातून घ्या, तो कामाला येतो.

औषध कोणतं, आणि ते मातीत कसं वागतं

आधी कायद्याचं. ग्लायफोसेटला आपल्याकडे परवानगी आहे ती चहामळे आणि पीक नसलेल्या जागेसाठी, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढून त्याचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण चालकांमार्फतच करावा असं बंधन घातलं. गावोगावच्या दुकानांत काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण तुम्ही नव्याने सुरुवात करताय, तर कृषी अधिकाऱ्याशी बोलून आणि लेबल वाचूनच पुढे जा. मात्रा मी इथे लिहीत नाही. ती लेबलवरचीच, पंपाला झाकणभर जास्त नाही.

ग्लायफोसेट मातीला घट्ट चिकटतं, चिकणमातीला आणि लोहाच्या कणांना तर फारच. म्हणून "मातीत पडलं की निष्प्रभ" हे अर्ध्याहून जास्त खरं आहे. उरलेला भाग असा: औषध पानांतून मुळांत उतरतं, आणि मरणाऱ्या मुळांभोवती ते काही दिवस रोपांना लागू शकेल अशा रूपात राहतं. नव्या पिकाची मुळं नेमकी जुन्या मुळांच्या वाटेने खाली जातात. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात सूर्यफुलावर याचे प्रयोग झाले. तण मारल्यावर जितक्या लवकर पेरणी, तितकी रोपं खुजी. वाळूसर हलक्या रानात हा त्रास अधिक. आणखी एक गोष्ट: ग्लायफोसेट मातीत ज्या जागी चिकटतं, त्याच जागा स्फुरदालाही लागतात. म्हणून ताज्या फवारणीवर लगेच सुपर फॉस्फेट ओतू नये, चिकटलेलं थोडंफार सुटू शकतं.

२,४-डी मातीला तेवढं चिकटत नाही, पण जिवाणू ते लवकर खातात. ओल्या आणि उबदार मातीत साधारण दहा दिवसांत निम्मं होतं. मात्र रुंद पानांच्या पिकांना थेंबभरही पुरतं. अमेरिकेत सोयाबीन पेरणीआधी २,४-डी मारलं तर मात्रेनुसार आणि प्रकारानुसार ७ ते ३० दिवस थांबा असं लेबलवर लिहिलेलं असतं. मी सहा दिवस थांबलो होतो. दुकानदाराचं बोलणं ग्लायफोसेटपुरतं होतं, मी ते दोन्ही बाटल्यांना लावलं.

पॅराक्वाट मातीत जवळपास बांधलं जातं. पण गवताच्या जाड थरावर पडलेलं पॅराक्वाट मातीपर्यंत पोचतच नाही, आणि त्या थरातून वर येणारा कोंब त्याला घासून करपू शकतो. शिवाय ते माणसासाठी घातक विष आहे, पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर मी ते आणतच नाही.

न नांगरता पेरताना गणित बदलतं

नांगरलेल्या रानात औषधाचा अंश सहा-आठ इंच मातीत मिसळून पातळ होतो. थेट पेरणीत तो वरच्या एक-दोन इंचांत राहतो, आणि बीही तिथेच असतं. त्यात भर म्हणजे फवारणीतलं बरंचसं औषध गवतावर बसतं, मातीवर नाही. पहिला चांगला पाऊस पडला की ते धुऊन नेमकं टोकणीच्या खड्ड्यात उतरतं. म्हणून लेबलवरचे दिवस नांगरलेल्या रानासाठी असतील तर ते तुमच्यासाठी कमीच समजा.

दिवस मोजा, पण ओले दिवस

हे वाक्य मी गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलंय. औषध मोडतात ते मुख्यतः जिवाणू, आणि त्यांना ओल आणि ऊब लागते. फेब्रुवारीत मारलेलं औषध मेपर्यंत कोरड्या ढेकळात जवळपास तसंच पडून असतं. शंभर दिवस झाले म्हणून कॅलेंडर खूश, पण जिवाणूंसाठी त्यातले चार-पाच दिवसच कामाचे. जूनमधला वाफसा मात्र दिवसाला दिवस धरावा. ज्या वर्षी वळीव चुकतो, त्या वर्षी मागच्या उन्हाळी मक्यातलं ॲट्राझीन खरिपाच्या सोयाबीनवर निघतं ते यामुळेच.

यातून वेळापत्रक आपोआप ठरतं. नव्या माणसाने पडीक रानाला जूनमध्ये हात घालूच नये, असं माझं स्पष्ट मत. हराळी आणि कुंदा ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये अन्न खाली काशांत साठवतात, तेव्हा औषधही त्यांच्याबरोबर खाली जातं आणि ठोंब मुळासकट मरतो. जमीन ओली असते, ऊबही असते. तिथून तीन-चार आठवड्यांनी, ऑक्टोबरच्या मध्यानंतर, हरभऱ्याची टोकण करता येते. खरिपात ही उसंत मिळत नाही. जुलै उजाडला की सोयाबीनची वेळ टळत जाते आणि माणूस सहाव्या दिवशी बी टाकून मोकळा होतो.

तीन आठवडे थांबण्याचं आणखी एक कारण आहे, त्याचा औषधाशी संबंध नाही. मरणाऱ्या गवताच्या मुळांवर मूळकूज आणि रोपमर करणाऱ्या बुरश्या फोफावतात. गवत पिवळं असतानाच पेरलं तर त्या बुरश्या सरळ तुमच्या कोंबावर उडी मारतात. गवत पूर्ण तपकिरी होऊन ठोंब हाताने सहज उपटला जाईल तेव्हा तो धोका ओसरलेला असतो.

फवारणीबद्दल दोनच सूचना. गढूळ पाणी वापरू नका, मातीचे कण ग्लायफोसेटला टाकीतच धरून ठेवतात आणि मग गवत अर्धंच मरतं, माणूस पुन्हा मारतो आणि अंश दुप्पट होतो. आणि रानाच्या टोकाला वळताना नोझल बंद करा. तिथेच औषध दोनदा पडतं. हातमोजे, चष्मा, तोंडावर मास्क हे सांगायला नको, तरी सांगतो. फवारलेल्या रानात जनावरं सोडू नका, गवत कापून गोठ्यातही नेऊ नका.

आणि ताडपत्री. फवारणीआधी रानाच्या मधोमध, बांधाला लागून नव्हे, चार बाय चार फुटांची ताडपत्री अंथरा, चार कोपऱ्यांवर दगड ठेवा. नंतर तिथलं गवत खुरप्याने काढून टाका. ही तुमची कोरी माती. बांधावरची माती घेऊन तुलना करू नका, बांधाची माती वेगळीच असते.

चार डब्यांची चाचणी

टोकणीआधी तीन आठवडे हे करायचं. श्रीखंडाचे रिकामे डबे चालतात, अर्धा किलोचे. प्रत्येकाच्या बुडाला तीन-चार भोकं पाडा. मार्कर पेनने आकडे घाला, नाहीतर आठव्या दिवशी घरातलं कोणीतरी ते उन्हाच्या सोयीने हलवून ठेवतं.

माती वरची दोनच इंच घ्या. माती परीक्षणाला आपण सहा-आठ इंचांचा व्ही आकाराचा खड्डा घेतो, तो इथे नको, अंश पातळ होऊन चाचणी खोटी ठरेल. फवारलेल्या रानातून आठ-दहा ठिकाणची माती घ्या, त्यात टोकाच्या वळणाची दोन ठिकाणं असू द्या. वाळवू नका, चाळू नका, त्याच दिवशी भरा.

पहिल्या डब्यात ताडपत्रीखालची कोरी माती. दुसऱ्यात फवारलेली माती, वरचं मेलेलं गवत बाजूला केलेलं. तिसऱ्यात तीच फवारलेली माती आणि वर बोटभर जाडीचा मेलेल्या गवताचा थर. चौथ्यात कोरी माती आणि वर तेवढाच थर, पण विळ्याने कापून वाळवलेल्या, औषध न लागलेल्या गवताचा. प्रत्येकाचे तीन-तीन डबे केले तर उत्तम, एकाच डब्यावर विश्वास ठेवू नये. प्रत्येकात जे पीक घ्यायचं त्याचे दहा दाणे. शिवाय काकडीचे पाच आणि मोहरीची चिमूट, ही दोन्ही औषधाला पटकन चुगली करणारी. पाणी गवतावरूनच घाला, पावसासारखं, म्हणजे गवतावरचा अंश खाली उतरेल.

सातव्या दिवशी उगवण मोजा, पण तिथे थांबू नका. इथे बहुतेकांची चूक होते. ॲट्राझीनमध्ये बी अगदी झकास उगवतं, कारण रोप तेव्हा बियातल्या शिदोरीवर जगत असतं. पहिली खरी पानं आली की खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडतात, मग कागद जळल्यासारख्या तपकिरी होतात. म्हणून चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा पाहायचं. एकविसाव्या दिवशी डबा बादलीत बुडवून रोपं हलकेच सोडवा आणि मुळं पांढऱ्या ताटात शेजारी शेजारी ठेवा.

आता वाचन. पहिला चांगला आणि दुसरा वाईट, तर मातीत अंश आहे. पहिले दोन चांगले आणि तिसरा वाईट, तर चौथ्याकडे बघा. चौथाही वाईट असेल तर दोष गवताचा, औषधाचा नाही. चौथा चांगला असेल तर गवतावर बसलेलं औषध धुऊन खाली येतंय. चारही डबे वाईट असतील तर बियाणं बदला, पाणी कमी घाला आणि पुन्हा तपासा; तरीही तसंच झालं तर मागच्या हंगामातल्या औषधाचा अंश असू शकतो, तो ताडपत्रीखालच्या मातीतही असतो.

रोपाच्या अंगावरूनही औषध ओळखता येतं. २,४-डी: देठ पिळलेला, पानं अरुंद आणि चुरगळलेली, शिरा समांतर झाल्यासारख्या. मेटसल्फ्युरॉन किंवा इमॅझेथापायर: शेंडा पिवळा किंवा जांभळट आणि तिथेच थांबलेला, उपमुळं आखूड, बाटली धुवायच्या ब्रशसारखी. ग्लायफोसेट: नव्या पानाचा बुडखा फिकट पांढरट, रोप खुजं. पेंडीमिथॅलीन: मुळांची टोकं सुजलेली, बोटासारखी आखूड.

गवत स्वतः काय करतं

माझ्या पाटाच्या कोपऱ्यात कुजलेलं बी औषधाचं नव्हतं. तिथे पाणी साचत होतं आणि गवताचा थर वीतभर होता. ओल्या, हवा नसलेल्या जागी गवत कुजताना ॲसिटिक आम्ल तयार होतं, आपल्या व्हिनेगरमधलं तेच, आणि बी त्या पाचटाला चिकटून असेल तर कोंब जळतो. उपाय साधा आहे: टोकणीच्या ओळीवरचं गवत दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सारा आणि बी मातीत पडू द्या. पेरणी यंत्राने केली तर तबकडी ओलं गवत कापत नाही, ते घडी करून बियासकट फटीत कोंबते. म्हणून पहिल्या वर्षी हाताने टोकण बरी.

दुसरं, वाळलेल्या गवतात कर्ब भरपूर आणि नत्र कमी. ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच उचलतात आणि पीक काही आठवडे उपाशी राहतं. ज्वारी किंवा मका असेल तर अख्खं रान फिकट, खालची पानं आधी पिवळी. याला लोक अंश म्हणतात आणि वर टॉनिक मारतात. ओळीपासून तीन बोटं लांब थोडा युरिया दिला की आठ-दहा दिवसांत रंग परततो. अंशाने आलेला पिवळेपणा युरियाने जात नाही. हरभऱ्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी बसल्या की ही अडचण फारशी राहत नाही.

रानातलं नुकसान कसं पसरलंय तेही पाहा. औषधाचं नुकसान माणसाच्या पायांच्या वाटेने जातं: पट्ट्यापट्ट्यांनी, वळणावर, जिथे पंप भरला तिथे. गवताचं नुकसान पाण्याच्या वाटेने जातं: सखल भागात आणि जिथे थर जाड आहे तिथे.

डब्यांनी नाही म्हटलं तर

घाई न करता दोन-तीन आठवडे पुढे ढकला, पाऊस नसेल तर एक हलकं पाणी द्या म्हणजे जिवाणू कामाला लागतील, आणि पुन्हा डबे भरा. वेळ नसेल तर पीक बदला. २,४-डी च्या अंशावर ज्वारी, बाजरी, मका यांना धोका बराच कमी. ॲट्राझीनवर ज्वारी किंवा मका. चांगलं कुजलेलं शेणखत टोकणीच्या ओळीत मिसळलं तर अंश थोडा बांधला जातो. सगळंच फसलं असेल तर ओळीपुरतं कोळपं चालवून माती मिसळा, थेट पेरणीचं व्रत एका वर्षासाठी मोडलं तर काही बिघडत नाही. गवत पेटवू नका, झाकण जातं आणि काशा खाली शाबूत राहतात.

पंपाचं राहिलं. २,४-डी मारलेला पंप नुसत्या पाण्याने निघत नाही, विशेषतः ईस्टर प्रकार रबरी नळीत मुरून बसतो. धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून रात्रभर ठेवा, नोझल आणि जाळी वेगळी काढून धुवा, मग तीनदा साधं पाणी. तरीही तो पंप कापूस, द्राक्ष, टोमॅटोजवळ नेऊ नये. आमच्या तणनाशकाच्या पंपाला मी लाल ऑइलपेंटचा जाड पट्टा मारलाय आणि तो खुंटीला नाही, गोठ्याच्या मागच्या अंगाला टांगलेला असतो, म्हणजे कीटकनाशक मारायला आलेला गडी घाईत तोच उचलणार नाही.